नऊ दिवसांची भाकरी

परीक्षक क्रमांक सदतीस म्हणजे मी. घरी माझं नाव हेमंत आवटी, वय पंचावन्न, मराठीत एम.ए. आणि कायमची अर्धवट राहिलेली पीएच.डी. पण ज्या कामाबद्दल लिहायला बसलोय, त्या कामात मला नाव नव्हतं, फक्त आकडा होता. ते सोयीचंच होतं. नाव नसलं की भित्रा माणूसही बरंच काही बिनदिक्कत करून जातो.

एका मंगळवारी दुपारी अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण उज्ज्वला. ती मिरजेत राहते. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो आणि अक्का नुकतीच नर्सिंगला लागली होती. ड्युटी सांभाळून तिनं मला वाढवलं, शिकवलं, पुण्याला धाडलं. आयुष्यभर दवाखान्यात लोकांची दुखणी निस्तरून ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. स्वतःसाठी तिनं माझ्याकडे कधी काही मागितल्याचं आठवत नाही.

"हेमू, माझा पासपोर्ट लाल झालाय रे."

"लाल म्हणजे?"

"लाल म्हणजे लाल. काल सकाळी बघितला तर हिरवा होता. आज 'निलंबित' म्हणून येतंय. मोबाइल बिघडला असंल म्हणून दोनदा बंद करून चालू केला. तरी लालच."

पासपोर्टची निळी वही बंद होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आता पासपोर्ट म्हणजे फोनमधला एक चौकोन. हिरवा असला की विमानतळाचं फाटक उघडतं, लाल झाला की उघडत नाही. पूर्वी कुणाचा पासपोर्ट रद्द करायचा तर नोटिसा, पोस्टमन, सह्या, शिक्के असं सगळं करता करता सहा महिने जायचे. आता एका क्षणात होतं.

अक्काची मुलगी ऋतुजा ओस्लोला असते. तिला आठवा महिना लागला होता. आधीचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, आणि तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. नवरा जहाजावर इंजिनिअर, चार-चार महिने समुद्रात. या खेपेला अक्का जाणार होती. अठरा तारखेचं तिकीट होतं आणि त्या दिवशी चार तारीख होती.

"तू तिथंच काम करतोस नव्हं? बघ की जरा," अक्का म्हणाली. "काय तरी चूक झाली असंल. मी काय केलंय?"

"चूकच असणार," मी म्हणालो. आणि मला खरंच तसं वाटत होतं. आपल्या यंत्राच्या चुका दुसऱ्यांच्या बाबतीत झाल्या की त्या आकडेवारीत बसतात. आपल्या बहिणीच्या बाबतीत झाली की ती ताबडतोब चूक वाटायला लागते.

या यंत्राचं नाव 'पारख'. दहशतवादाला मदत करणाऱ्यांना देशाबाहेर जाता येऊ नये, असा कायदा झाला तेव्हा कुणाचाच विरोध नव्हता. माझाही नव्हता आणि आजही नाही. पैसे पोचवणारे, माणसं लपवणारे, पोरांची डोकी भडकवणारे लोक खुशाल विमानात बसून जायचे, ते थांबायलाच हवं होतं. अडचण एवढीच होती की मदत म्हणजे काय, समर्थन म्हणजे काय, हे कोट्यवधी लोकांच्या बाबतीत ठरवायचं कुणी? पोलीस किती जणांच्या घरी जाऊन चहा पिणार? म्हणून 'पारख' आली.

ती कशी चालते ते सांगतो. लग्नाच्या हॉलमध्ये बसलेली माणसं बघा. कुणी सांगितलेलं नसतं, तरी ती आपापल्या गटाने बसतात. एखादा परका माणूस नुसता कोण कुणाजवळ बसलंय ते बघून सांगू शकेल की ही मुलाकडची, ही मुलीकडची, हे ऑफिसातले. यंत्र लोकांच्या फोनमधल्या संदेशांतल्या वाक्यांचं तसंच करतं. प्रत्येक वाक्य ते हजारभर आकड्यांत बदलतं आणि एका अफाट जागेत एक ठिपका म्हणून बसवतं. जी वाक्यं सारख्या प्रसंगी, सारख्या शब्दांच्या सोबतीनं येतात, ती जवळजवळ बसतात. अर्थ त्याला कळत नाही, शेजार तेवढा कळतो. पण कुठला गट कुठल्या बाजूचा, हे त्याला कुणीतरी माणसानेच सांगावं लागतं. ते सांगणारे आम्ही.

आमच्या कंपनीकडे मराठीचं काम होतं. एकाहत्तर परीक्षक होते आणि चाळीस हजार वाक्यं. पडद्यावर एक वाक्य आणि त्याचा थोडा संदर्भ यायचा, खाली चार बटणं असायची : विरोध, तटस्थ, सहानुभूती, समर्थन. एका वाक्याला नऊ सेकंद. अडलंच तर 'शेरा' नावाचा एक रकाना होता. पण शेरा लिहिला की आपला 'एकमत' गुण घसरायचा, म्हणजे बाकीच्या परीक्षकांशी आपलं किती जुळतं तो आकडा. तो सतत कोपऱ्यात दिसायचा. फार घसरला की पुढच्या महिन्यात बोलावणं यायचं नाही. ज्यांचा गुण सगळ्यात चांगला त्यांची काही वाक्यं 'सुवर्ण वाक्यं' व्हायची. ती प्रमाण मानून नव्या परीक्षकांची परीक्षा घेतली जायची आणि यंत्रालाही त्यांचं वजन जास्त असायचं. माझी तीनशे बारा वाक्यं सुवर्ण झाली होती. बायकोला मी ते कौतुकाने सांगितलं होतं.

दोन दिवसांनी अक्काला कारणांचं पत्र आलं. ते द्यावंच लागतं, कायद्यात तसं आहे. तिला त्यातलं अवाक्षर कळलं नाही म्हणून तिनं ते मला पाठवलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं.

'मृत अतिरेकी सोहम तोडकर याच्या कुटुंबास सलग नऊ दिवस नियोजित स्वरूपात अन्नपुरवठा. आठ महिलांच्या गटात समन्वयकाची भूमिका. वर्गवारी : समर्थन. निकटतम सुवर्ण वाक्य : ११२०८. परीक्षक : ३७.'

जिन्याचा कठडा धरून मी खाली बसलो. शिपाई येऊन विचारून गेला, साहेब चक्कर आली का.

सोहम तोडकर हे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. चोवीस वर्षांच्या या पोराने एका बंदरावरच्या तेलसाठ्यावर ड्रोन सोडले, अकरा माणसं जळून मेली आणि तोही तिथेच मेला. कुठल्या संघटनेसाठी ते मी इथे लिहीत नाही, त्यांना फुकटची प्रसिद्धी कशाला? तो मिरजेचा होता हे मला ठाऊक होतं. अक्काच्या गल्लीतला होता हे तिनं मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

अकरा हजार दोनशे आठ हे वाक्य मला पाठ होतं. हजारो वाक्यं विसरलो, ते एक विसरलो नव्हतो, यावरूनच काय ते समजा. संदर्भ होता कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यातला, पोलिसांच्या गोळीने मेलेल्या एका अतिरेक्याच्या घरचा. वाक्य होतं : 'त्यांच्याकडं चूल पेटली नसंल, मी भाकऱ्या टाकते, तू पिठलं कर.'

मयताच्या घरी चूल पेटत नाही. प्रेत हलेपर्यंत तर नाहीच नाही. शेजारपाजारचे लोक पिठलं-भाकरी नेतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. मेलेला कोण होता, कसा होता, हे त्यात कुणी बघत नाही. ते जिवंत राहिलेल्यांसाठी असतं. हे यंत्राला माहीत नव्हतं. नियमावली करणाऱ्या दिल्लीच्या माणसांनाही बहुधा माहीत नसावं. त्यांचा नियम चौदा सांगत होता : मृत अतिरेक्याच्या कुटुंबाला अन्न, निवारा, वाहन पुरवणे म्हणजे समर्थन. पण मला माहीत होतं. मला पगार त्यासाठीच मिळत होता.

माझं बोट थांबलं होतं. शेऱ्याच्या रकान्यावर मी बाण नेलाही होता. कोपऱ्यात एकमत गुण अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा दिसत होता. तीन सेकंद उरले होते. नियम तर नियमच आहे, आपण कोण, असं मनाशी म्हणत मी 'समर्थन' दाबलं आणि पुढच्या वाक्याकडे गेलो. नंतर माझंच ते उत्तर सुवर्ण झालं, आणि ज्या ज्या परीक्षकाने त्याच्या उलट बटण दाबलं त्याचा गुण कापला गेला. यंत्राच्या सगळ्या मराठी बाजूला मी एकट्याने शिकवून ठेवलं होतं.

फेरविचार कार्यालयात लोणकर नावाच्या बाई होत्या. मी भाऊ म्हणून गेलो होतो, परीक्षक म्हणून नव्हे. पण त्यांच्याकडे सगळंच दिसत होतं.

"दोन मार्ग आहेत," त्या म्हणाल्या. "एक, तुमच्या बहिणीने खंडनपत्र द्यायचं. चूक झाली, त्या कुटुंबाशी संबंध नाही, यापुढे ठेवणार नाही. दोन साक्षीदारांसमोर सही. तीन दिवसांत हिरवा होतो."

"आणि दुसरा?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दुसरा, ज्या परीक्षकाने ते सुवर्ण वाक्य ठरवलं त्याने स्वतः निवेदन द्यायचं की वर्गवारी चुकली. मग निर्णय आपोआप स्थगित होतात. एक नाही, त्या वाक्यावर आधारलेले सगळे. राज्यात दोन हजारांवर आहेत."

"परीक्षकाचं काय होतं?"

"हलगर्जीपणाची चौकशी. काम जातं. चौकशी संपेपर्यंत त्याचाही पासपोर्ट लाल राहतो. आजवर कुणी असं निवेदन दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी सुचवत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

मी पहिल्या मार्गाचा नमुना मागितला.

तो घरी आणून मी नीट मराठीत उतरवला. सरकारी नमुना फारच ओबडधोबड होता. 'कोणतीही' हा शब्द एकाच ओळीत दोनदा आला होता, तो एक काढला. 'आपुलकी' खटकत होतं, तिथे 'आत्मीयता' घातलं. हे मी केलं. बहिणीला खोटं बोलायला लावणारा कागद लिहिताना मी शब्द घासूनपुसून घेत होतो आणि मजकूर छान उतरला म्हणून थोडा खूषही झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. अक्काने आधी जेवायला वाढलं. मग चष्मा लावून कागद वाचला. ओठ हलवत, सावकाश.

"कुणी लिवलंय?"

"मी."

"छान लिवलंयस. पण खोटं हाय."

"अक्का, ही नुसती औपचारिकता आहे."

"चूक झाली म्हणतोयस. काय चूक झाली? सांग की मला." तिने कागद खाली ठेवला. "बॉडी तपासणीला अडकवलेली. आज देतो, उद्या देतो करत नऊ दिवस लावले. आता बॉडी येईपर्यंत ती बाई चूल कशी पेटवंल? नवरा न्हाई, दीर-जाऊ दारात फिरकली न्हाईत. घरात एकटी. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. ग्रुपवर मी लिवायची, आज तुझी भाकरी, उद्या हिचा भात. ह्यात काय कट केला आम्ही?"

नऊ दिवस. सातत्य, नियोजन, समन्वयक. यंत्राला जे जे हवं होतं ते ते सगळं एका अडकलेल्या प्रेतामुळे जमून आलं होतं. एरवी हे दोन दिवसांत संपतं. आणि बाकीच्या सात बायकांकडे पासपोर्टच नव्हते, त्यामुळे आपणही लाल यादीत आहोत याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"त्या पोरानं अकरा माणसं मारली, अक्का."

"मारली. मला सांगतोस व्हय? जिवंत घावला असता तर हाताला धरून मीच पोलिसांत दिला असता. पण भाकरी त्याला दिली काय मी? तो मेलेला. भाकरी त्याच्या आईला दिली." मग आवाज उतरला. "आई गेली तेव्हा आपल्या घरी किती दिवस कोण कोण आणत होतं, इसरलास? तू तर सपाटून खाल्लास. मलाच जात नव्हतं."

मी विसरलो नव्हतो. म्हणूनच मी सगळ्यात वाईट हत्यार उपसलं.

"ऋतुजाकडे जायचंय ना तुला?"

तिची नजर भिंतीकडे गेली. भिंतीशी तिची बॅग उघडी पडली होती. डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतविड्याची पुडकी, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. ऋतुजाचं पहिलं बाळ गेलं तेव्हा ती फोनवर नुसती रडत होती आणि अक्का इकडून, दुपारभर, फोन कानाला लावून बसली होती. ते तिला आठवत असणार.

"राजश्रीबद्दल लिवलंय नव्हं हे?" ती उठली. "मग तिला वाचून दाखवायला पाहिजे. पाठीमागं सही करायची न्हाई मी."

मी नको म्हणालो. ती चपला घालून बाहेर पडलीसुद्धा. मला जावंच लागलं. जाण्याआधी मी माझा फोन अक्काच्या टेबलावर काढून ठेवला. फोन कुठे कुठे जातो त्याची नोंद होते, मला चांगलं माहीत होतं. दारातून वळून अक्काने ते पाहिलं.

राजश्री तोडकर तीन घरं सोडून राहायची. ब्लाउज शिवायची, पण सोहमचं झाल्यापासून कुणी कापड टाकलं नव्हतं. तरी मोजायची टेप गळ्यात होती. बाई हडकुळी, आवाज अगदी खालचा. तिनं मला पाट दिला, चहा ठेवला. अक्काने उभ्याउभ्याच सगळा कागद वाचून दाखवला, 'आत्मीयता' या शब्दावर अडखळली आणि पुन्हा वाचला.

राजश्रीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "करा सही, वैनी."

"अगं पण..."

"करा म्हणते ना." तिने शिवणयंत्रावरची चिंध्यांची टोपली खाली ठेवली आणि त्याचा लाकडी पाटा हाताने पुसला. "त्या अकरा जणांची नावं मला पाठ हैत. सगळ्यात बारकी पोरगी सहा वर्षांची हुती. बापाचा डबा घेऊन आलेली. त्या घरांतनी बी चूल पेटली नसंल. तिथं कुणी काय नेलं असंल काय, म्हाईत न्हाई मला. आणि माझ्या दारात नऊ दिवस ताट येत हुतं. घास उतरत नव्हता. तुम्ही समोर बसायचा म्हणून खाल्लं. मला लाज वाटायची, वैनी. तुमची न्हवं. माझी." तिने कागद घेऊन यंत्राच्या पाट्यावर सरळ केला. "आता तुमच्या लेकीकडं जावा. पहिल्या खेपंचं तिला किती लागलंय, म्हाईत हाय मला."

अक्काने सही केली. तिची सही मोठी, ठसठशीत, दवाखान्याच्या रजिस्टरवर आयुष्यभर केलेली. साक्षीदार म्हणून मी खाली सही केली. दुसरी साक्षीदार म्हणून राजश्रीने विचारलं, "माझी चालंल?" मी नाही म्हणालो. नियमात बसत नव्हती. ती सही नंतर अक्काच्या एका जुन्या सहकारी नर्सची घेतली.

चहा देताना ती मला म्हणाली, "दादा, तुम्ही एवढ्या लांबनं बहिणीसाठी आला. असा भाऊ पाहिजे."

मी तिथे बोलायला हवं होतं. दुसरा मार्ग माझ्या तोंडात होता. वाक्य काही अवघड नव्हतं : सही करू नकोस अक्का, ती चूक तुझी नाही, माझी आहे, मी लिहून देतो. एवढंच. मी चहा प्यायलो. साखर जास्त झाली होती, तरी सगळा प्यायलो आणि कप पालथा न घालता पाटाशेजारी ठेवला.

तीन दिवसांनी चौकोन हिरवा झाला. अठरा तारखेला मी अक्काला विमानतळावर सोडलं. फाटकाशी तिनं माझा हात धरला. "मला आता तिला फोन बी करता यायचा न्हाई. सही केलीया. तू जाऊन येत जा अधनंमधनं. तुझी सही नुसती साक्षीची हाय." मी हो म्हणालो.

बाळ सुखरूप झालं. मुलगी. ऋतुजाही धडधाकट. मी पेढे वाटले. ऑफिसात मला मुख्य परीक्षक केलं. आणि अक्का दर रविवारी फोनवर पहिल्यांदा हेच विचारायची, "राजश्री कशी हाय? गेलतास?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात जातो. असे नऊ आठवडे गेले.

दहाव्या आठवड्यात गेलो. राजश्रीच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या घरात विचारलं तर बाईने दार अर्धंच उघडलं. "कुठं गेली ते आम्हाला काय म्हाईत न्हाई. आमचा त्यांचा काय संबंध न्हाई," ती घाईघाईने म्हणाली. जणू पाठ केलेलं. दार लावून घेतलं.

कोपऱ्यावर एका घरापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. म्हातारे भोसले गुरुजी सकाळी वारले होते, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. गल्लीतले लोक उभे होते, हात जोडत होते, आणि निघून जात होते. थोड्या वेळाने जेवण पोचवणारी गाडी आली. गुरुजींच्या मुलाने स्वतः पुढे होऊन पिशव्या घेतल्या. मी तिथल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं, शेजाऱ्यांनी काही नाही केलं?

"आता कोण न्हाई करत तसलं," तो म्हणाला. "कोण कशानं मेलं, त्याच्या फोनात काय निघंल, काय सांगायचं? उगा कशाला."

"अहो, गुरुजी होते ते!"

"बरोबर हाय. पण पोरांचे पासपोर्ट हैत."

त्या दुपारी मिरजेहून परत येताना मी निवेदन लिहिलं. या वेळी शब्द घासले नाहीत. परीक्षक सदतीस म्हणजे मी, ही प्रथा मला माहीत होती, बटण दाबताना माहीत होती, गुण घसरेल म्हणून मी शेरा लिहिला नाही, वर्गवारी चूक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच ते लोणकर बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी उभं राहून ते वाचलं आणि मला खुर्ची दिली. नंतर महिनाभर मी चौकशीची वाट पाहत होतो. खरं तर आतुरतेनेच. शिक्षा झाली असती तर निदान कुणालातरी तोंड दाखवता आलं असतं.

उत्तर आलं, एका पानाचं.

'आपण दिलेली वर्गवारी तत्कालीन नियमावलीशी सुसंगत असल्याने हलगर्जीपणा आढळत नाही. फेरतपासणीबाबत : सदर वर्गातील संदेशांचे प्रमाण गेल्या दोन तिमाहींत राज्यभरात शंभरावरून चारवर आले आहे. ही प्रथा आता प्रचलित राहिलेली नसल्याने तिच्यासाठी अपवाद करण्याची आवश्यकता नाही. स्थगिती उठवण्यात येत असून निर्णय कायम. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार.'

यंत्र चुकलं होतं, म्हणून माणसं बदलली, आणि आता यंत्र बरोबर होतं. मी ते पान कितीतरी वेळा वाचलं. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

रविवारी दुपारी अक्काचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. वाक्य, बटण, सदतीस आकडा, लोणकर बाईंनी सांगितलेला दुसरा मार्ग. कुलूप. आणि हे उत्तर. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मागे बाळ कुरकुरत होतं.

"म्हणजे तू तेव्हाच लिवून दिलं असतंस," ती शेवटी म्हणाली, "तर मला सही करायला लागली नसती."

"कदाचित..."

"कदाचित नको. सांग."

"लागली नसती. सगळेच निर्णय थांबले असते. तेव्हा लोक अजून भाकऱ्या नेत होते. सरकारला ऐकावं लागलं असतं."

"तिच्या घरात बसलेलास तू. ती तुला दादा म्हणाली."

"हो."

"आणि तिनं पाटा पुसून दिला मला. सही करायला."

बाळ जोरात रडायला लागलं आणि ती त्याला थोपटत असल्याचा आवाज येत राहिला. कितीतरी वेळ. मला तिनं शिव्या द्यायला हव्या होत्या. लहानपणी एक खोटं बोललो तर कान धरून उभं करायची, तसं काहीतरी.

"अक्का, बोल ना काहीतरी."

"मी काय बोलू, हेमू," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "तुला चांगलं लिवता येतंय. काय बोलायचं ते तूच लिवून धाड. मी सही करते."

मग तिनं फोन ऋतुजाकडे दिला, आणि ऋतुजा मला बाळाचं वजन किती वाढलं ते सांगायला लागली.